चौथ्या खुर्चीवरचे कान

व्हिडिओ गेममधले आवाज म्हणजे नुसती टीं-टीं आणि घरच्यांच्या डोक्याला ताप, असं समजणारी माणसं पुष्कळ आहेत. त्यांना एक दिवस तरी चौथ्या खुर्चीशेजारी बसवायला हवं होतं. त्या खुर्चीवर जी बाई सात वर्षं बसली, तिने ही टीं-टीं पोटभर ऐकली, तिच्यावर घराला हातभार लावला, आणि एकदा तिच्यापायी अख्ख्या कारखान्याशी वाकडं घेतलं.

कारखाना गेमच्या कॅसेटी बनवायचा आणि त्या ज्यात घालायच्या ती यंत्रंही. दुसऱ्या मजल्यावर चाचणी विभाग होता. तिथे एका सरकत्या पट्ट्याच्या कडेने आठ खुर्च्या, आणि प्रत्येक खुर्चीसमोर एक यंत्र, एक छोटा काळा-पांढरा टीव्ही आणि एक हेडफोन. पट्ट्यावरून कॅसेट उचलायची, यंत्रात खुपसायची, चालू करायची. आधी कंपनीची सलामी वाजायची. अकरा सुरांची, सात सेकंदांची चाल, प्रत्येक गेमच्या आधी तीच. तिचा शेवटचा सूर कोणी बटण दाबेपर्यंत तसाच लांबत राहायचा. मग बटण दाबून गेममधल्या माणसाला एकदा उडी मारायला लावायची, एकदा किल्ली उचलायला लावायची आणि एकदा खड्ड्यात पाडायचं. सगळं ठीक असलं तर हिरवी चिकटपट्टी, नसलं तर लाल. दिवसाला अशा तीनशे कॅसेटी. दिवसातून तीनशे वेळा एका निरपराध माणसाला खड्ड्यात लोटून ही बाई संध्याकाळी शांतपणे घरी जाऊन भाजी चिरायला बसत असे.

यंत्राच्या पोटातल्या चिपला एका वेळी तीनच सूर काढता यायचे आणि त्यांच्या जोडीला एक खरखर. एवढ्यावर सगळा संसार. तीच खरखर ताणली की वारा, तोडून तोडून सोडली की पावलं, एकदम सोडून हळूहळू विझवली की स्फोट. हे सगळं वरच्या मजल्यावरचा एक लुकडा माणूस एकटा बसवायचा. त्याला सगळे चालवाला म्हणत. चित्रं, जिने, राक्षस सगळे मेमरीत ऐसपैस बसले की कोपऱ्यात जी टीचभर जागा उरेल ती त्याची. त्याबद्दल त्याने कधी कुरकुर केली नाही. सलामीही त्याचीच. मात्र त्याने ती बांधली आणि तो पुढच्या कामाला लागला. चौथ्या खुर्चीने ती सहा लाखांवर वेळा ऐकली.

इतर सात जणी चित्र बघायच्या, ही आधी ऐकायची. तपासणीच्या कागदावर 'आवाज' या शब्दापुढे दोनच चौकटी होत्या, 'आहे' आणि 'नाही'. आहे पण त्याचं काही खरं नाही, हे लिहायला जागा नव्हती, म्हणून ती समासात लिहायची. 'उडीचा आवाज उडी मारून झाल्यावर येतो.' 'किल्लीचा आवाज दबका.' 'खरखर ओली वाटते.' ओली खरखर वाचून इंजिनिअर साहेब कपाळाला हात लावायचे. पण एकदा सातही जणींनी हिरवी चिकटपट्टी लावलेल्या लॉटमधल्या कॅसेटींना तिने लाल लावली. सलामीतला सगळ्यात खालचा सूर गायब आहे, असं तिचं म्हणणं पडलं. साहेबांनी कॅसेट उघडली, तर आत एका जोडावर सोल्डरचा डागच बसला नव्हता. त्या दिवसापासून कारखान्यात तिचं नाव कानसेनताई पडलं. तिने तोंडदेखला राग धरला आणि नाव मात्र ठेवून घेतलं.

घरी नवरा, मुलगी आणि तिची स्वतःची आई. नवरा छापखान्यात, मुलगी सातवीत. आईने तीस वर्षं विणकामाच्या गिरणीत मागांच्या खडखडाटात काढली होती, आणि पंचेचाळिशीत तिचे कान गेले. आता ती ओठ वाचायची, आणि वाचन असं पक्कं की समोरच्या खिडकीतलं नवरा-बायकोचं भांडण इथे बसून शब्दन् शब्द सांगायची. कान एकदम जात नाहीत, असं ती म्हणायची. आधी ओळखीचे आवाज अनोळखी वाटायला लागतात. आपल्याला वाटतं जगाचं बिनसलंय, आणि बिनसलेलं आपल्यातच असतं. हे ऐकताना कानसेनताई दरवेळी विषय बदलायची. तिला चव्वेचाळिसावं लागलं होतं आणि सात वर्षं रोज आठ तास कानाला हेडफोन होता.

एका गुरुवारी सकाळी आठही खुर्च्यांसमोर नवी यंत्रं आली. रोज तीनशे वेळा कॅसेट खुपसून-काढून जुन्यांच्या खाचा पार झिजल्या होत्या, ती बुधवारीच भंगारात गेली. नवी यंत्रं त्याच आठवड्यात तयार झालेल्या लॉटमधली. बाकीचा लॉट खोक्यांत भरून गोदामात रचलेला होता आणि सोमवारी ट्रक येऊन तो घेऊन जाणार होते. सगळ्या जणी नव्या प्लास्टिकचा वास घेत खुर्च्यांवर बसल्या. कानसेनताईने पहिली कॅसेट घातली आणि सलामी ऐकली.

सलामी चुकीची होती. सूर सगळे होते, क्रम तोच होता, पण चाल किंचित वर चढली होती आणि शेवटच्या सुराला जरा लवकर पोचली. तिने लाल चिकटपट्टी लावली. दुसरी कॅसेट घातली, लाल. तिसरी, लाल. विभागाचा नियम असा होता की एका खुर्चीवर सलग तीन लाल पडल्या की घंटा वाजवायची आणि पट्टा थांबवायचा. सात वर्षांत तिने ती घंटा दोनदा वाजवली होती. आता तिसऱ्यांदा वाजवली.

इंजिनिअर साहेब आले. उंच, इस्त्रीच्या शर्टाचे, बोलण्यात काटेकोर. त्यांनी तिन्ही कॅसेटी आपल्या तपासणी यंत्रात घातल्या. त्या यंत्राला कान नव्हते, ते फक्त कॅसेटमध्ये जे भरलंय ते मूळ नमुन्याशी अक्षरन् अक्षर ताडून बघायचं. तिन्ही वेळा हिरवा दिवा लागला.

"ताई, काही फरक नाही," साहेब म्हणाले. "एका अक्षराचाही नाही."

"पण चढलीय साहेब. चाल वर गेलीय."

"किती वर?"

आता हे कसं सांगणार? तिने बोटाच्या पेरावर अंगठा ठेवून दाखवला. दोन खुर्च्या पलीकडून कोणीतरी फिसकन हसलं. बाकीच्या सात जणींनी आपापल्या सलाम्या ऐकून सांगितलं की बाई, आवाज येतोय, कागदावर 'आहे' असं लिहिलंय, आम्हाला काही वेगळं वाटत नाही. शेवटी सुपरवायझर मॅडमनी वरून चालवाल्याला बोलावून घेतलं. तिला हायसं वाटलं. आता ज्याची चाल त्यालाच कळेल, म्हणजे प्रश्न मिटला.

चालवाल्याने हेडफोन लावला, डोळे मिटले, सलामी दोनदा ऐकली आणि हेडफोन काढून तिच्याकडे बघितलं. त्याला खरंखुरं वाईट वाटत होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

"मला तर तीच वाटते, ताई."

त्याने मुद्दाम काही केलं नव्हतं. तो आकड्यांत चाली लिहायचा आणि त्याच्या डोक्यात त्या वेळी चौथ्या गेमचा राक्षस घोळत होता. पण तिच्या पायाखालची जमीन सरकली ती त्या वाक्याने. साहेबांचं तिला एवढं काही वाटलं नव्हतं.

मॅडमनी तिला बाजूला घेतलं. सर्दीबिर्दी झालीय का, असं विचारलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "सात वर्षं झाली, ताई. कान थकतात. सोमवारपासून पॅकिंगला या. तिथे शांत असतं." बोलणं मायेचंच होतं, आणि म्हणूनच जास्त लागलं. पट्टा पुन्हा सुरू झाला. उरलेला दिवस तिने हिरव्या चिकटपट्ट्या लावल्या. प्रत्येक पट्टी लावताना आपण खोटी सही करतोय असं तिला वाटत होतं.

संध्याकाळी घरी आली ती थेट स्वयंपाकघरात. आईने तिचा चेहरा बघितला आणि लसूण सोलायला घेतला. तिने आईला काय सांगायचं होतं? तुझं जे झालं ते माझंही सुरू झालं? पॅकिंगला जाण्याचं दुःख तिला नव्हतं, खोकी भरायला काही कमीपणा नसतो. तिला भीती होती ती घराची. उद्या मुलीचा आवाज अनोळखी वाटला तर?

मग ती उठली आणि घरभर फिरून एकेक आवाज तपासू लागली. दाराची घंटा दाबून पाहिली. पातेल्यावर चमचा वाजवला, भिंतीवरच्या घड्याळाला कान लावला. मुलीला तिची शाळेच्या बँडमधली बासरी आणायला सांगून, रोज पहिला सूर लावतेस तो लाव म्हणाली.

"हाच?"

"हाच. जरा वेळ धर."

मुलीने धरला. तोच होता. घंटाही तीच, पातेलंही तेच, घड्याळही तेच. आईचं वाक्य तिने मनात उलटंपालटं करून पाहिलं. कान जायला लागले तर ते एकाच चालीपुरते कसे जातील? मी काय सलामीपुरती बहिरी होणार आहे? कान बरोबर. कॅसेट बरोबर, साहेबांचा हिरवा दिवा काही खोटं बोलत नाही. मग दोघांच्या मध्ये उरलं काय? मधलं ते यंत्र. नवंकोरं म्हणून त्याच्याकडे कोणी संशयाने बघितलंच नव्हतं. तिनेही लाल चिकटपट्टी लावली होती ती बिचाऱ्या कॅसेटीला, कारण सात वर्षं लावायची सवय तिलाच होती. हात नेहमीच्या जागी गेला, एवढंच तिचं चुकलं होतं.

शुक्रवारी जेवणाच्या सुटीत ती साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिली. साहेब डबा उघडत होते.

"साहेब, मला पाच मिनिटं द्या. खाली स्वागतकक्षात चला. माझ्या खुर्चीवरचं यंत्र आणि टीव्हीही न्यायचाय."

"कशाला?"

"काल मी तुमच्याकडे चुकीची वस्तू तपासायला दिली."

साहेब काटेकोर होते, पण खडूस नव्हते. शिवाय चूक कबूल करत आलेल्या माणसाला नाही म्हणणं त्यांना जमायचं नाही. त्यांनी डबा बंद केला आणि ढकलगाडी स्वतः ढकलली.

स्वागतकक्षात काचेच्या कपाटावर कारखान्याचं पहिलंवहिलं यंत्र पाहुण्यांना दाखवायला ठेवलेलं असे, एका मोठ्या रंगीत टीव्हीला जोडून. भंगारातून वाचलेलं जुनं यंत्र तेवढं एकच. कानसेनताईने शेजारी आपलं नवं यंत्र आणि काळा-पांढरा टीव्ही मांडला. दोन सारख्या कॅसेटी घातल्या आणि दोन्ही बटणं एकदम दाबली.

सलाम्या जोडीने निघाल्या आणि चौथ्या-पाचव्या सुरापासूनच त्यांची फारकत सुरू झाली. नवं यंत्र थोडं पुढे पळालं. मग दोन्ही शेवटच्या लांब सुरावर येऊन थांबले, आणि खोलीभर अशी काही थरथर सुटली की टेबलामागे फोनवर बोलणाऱ्या रिसेप्शनिस्ट मुलीने दुसऱ्या कानात बोट घातलं.

"हे काय भुणभुणतंय?" ती म्हणाली.

"दोन सूर भांडतायत," कानसेनताई म्हणाली. "एकच असते तर भांडले नसते."

साहेबांनी मान तिरपी करून ऐकलं. हे त्यांनाही ऐकू येत होतं, पण ते सहजी हार मानणाऱ्यांतले नव्हते. "टीव्ही वेगळे आहेत," ते म्हणाले. "स्पीकरचा फरक असेल. अदलाबदल करून बघू." शंका रास्त होती. तिने मुकाट्याने वायरी काढून दिल्या. साहेबांनी जुनं यंत्र छोट्या टीव्हीला जोडलं, नवं मोठ्याला, आणि बटण दाबलं.

भांडण सुरूच राहिलं. पण त्याकडे आता कोणाचं लक्ष नव्हतं. तिघंही मोठ्या टीव्हीकडे बघत होती. क्षणापूर्वी जिथे निळं आकाश, हिरवी टेकडी आणि लाल टोपीतला माणूस होता, तिथे आता सगळं राखाडी होतं. साहेबांनी रंगाचं बटण फिरवलं. वायर काढून पुन्हा लावली. टीव्हीवर थाप मारली, इतके शिकलेले असूनही मारली. माणूस राखाडीचा राखाडीच.

साहेबांनी तिथेच गुडघ्यांवर बसून यंत्राचे स्क्रू काढले. आत क्रिस्टल नावाची नखाएवढी चकचकीत डबी असते. यंत्राचं सगळं काम तिच्या ठेक्यावर चालतं, सूर किती उंच लागायचा तेही आणि टीव्हीला रंग ओळखता यायचे की नाही तेही. टीव्ही रंगांच्या बाबतीत फार चिकित्सक, ठेका जरा चुकला की रंग साफ नाकारतो. डबीवरचा आकडा साहेबांनी डोळ्यांजवळ नेऊन वाचला. तीन पूर्णांक पाचच्या पुढचे आकडे हवे होते, त्याऐवजी तीन पूर्णांक सहाच्या पुढचे होते. स्टोअरमध्ये दोन ट्रे शेजारी शेजारी, कोणीतरी भलत्यातून घेतले होते. चाचणीच्या आठही टेबलांवर टीव्ही काळे-पांढरे, त्यामुळे रंग गेलेला कोणाला दिसणंच शक्य नव्हतं. गोदामातला सगळा लॉट असाच होता. सोमवारी तो ट्रकमध्ये चढला असता आणि घरोघरी राखाडी आकाशाखाली राखाडी माणूस उड्या मारत बसला असता.

साहेब उठले. गुडघे झटकले.

"ताई, डोळ्यांना न दिसणारी गोष्ट तुम्ही ऐकलीत," ते म्हणाले. "मी हे रिपोर्टमध्ये असंच लिहिणार आहे."

त्यांनी तसंच लिहिलं. आपल्या तपासणीत हे सापडलं नव्हतं, हेही लिहिलं. सोमवारचे ट्रक रद्द झाले, खोकी फोडली गेली, आणि पुढचे चार दिवस सगळा कारखाना क्रिस्टल बदलत बसला. पॅकिंगचा विषय मॅडमनी पुन्हा काढला नाही. उलट तपासणीच्या कागदावर 'आहे' आणि 'नाही' यांच्यापुढे तीन रिकाम्या ओळी छापून आल्या.

बुधवारी दुरुस्त यंत्रं विभागात परत आली, तेव्हा पहिलं यंत्र साहेबांनी स्वतः उचलून चौथ्या खुर्चीसमोर ठेवलं. पट्टा थांबलेला होता. सातही जणी हेडफोन काढून बघत होत्या. चालवालाही जिन्यावरून उतरून दाराशी उभा होता.

"माझ्या बाजूने हिरवा दिवा आहे," साहेब म्हणाले. "तुम्ही म्हणाल तेव्हा पट्टा सुरू करू."

तिने सलामी ऐकली. पहिल्या तीन सुरांतच तिला कळलं, सगळं जागच्या जागी होतं. पण तिने बटण दाबलं नाही. शेवटचा सूर निवांत लांबू दिला. मग यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं आणि सलामी पहिल्यापासून परत ऐकली, अगदी सावकाश. तिला थांबवायची कोणाची छाती नव्हती. असा मान माणसाला वरचेवर मिळत नाही, आणि तो घाईघाईने उरकण्याइतकी ती वेडी नव्हती.

"सोडा," ती म्हणाली.

पट्टा सुरू झाला. चालवाला खुर्चीपाशी आला. "मला ऐकू यायला हवं होतं, ताई," तो म्हणाला. "चाल माझी होती."

"तुम्ही किती वेळा ऐकलीत?"

त्याने हिशेब केला. "शंभरेक वेळा असेल."

"मग तुमचा काय दोष," ती म्हणाली आणि कॅसेट खुपसली.

त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा उजेड होता. आई खिडकीपाशी बसली होती, खिडकी सताड उघडी. कानसेनताईने चपला काढल्या, आईसमोर जाऊन बसली आणि नेहमीसारखं नुसते ओठ हलवत सगळं सांगितलं. गुरुवारपासून पोटात ठेवलेली भीतीही सांगितली. ती सांगताना तिचे डोळे भरून आले. आई तिच्या ओठांवरून नजर न हलवता बसली होती.

"काय?" आई म्हणाली. "मोठ्याने सांग."

"मशीन चुकलं होतं आई. माझे कान बरोबर होते."

"अजून मोठ्याने."

"मशीन चुकलं होतं. माझे कान बरोबर होते."

"काही कळत नाही बाई. नीट घसा मोकळा करून बोल."

मग ही बाई, जी सात वर्षांत स्वतःबद्दल चार शब्द बरे बोलली नव्हती, छाती भरून ओरडली. अख्ख्या कारखान्याचं मशीन चुकलं होतं आणि माझे एकटीचे कान बरोबर होते, हे तिने असं काही सांगितलं की आतून नवरा हातातलं वर्तमानपत्र घेऊन बाहेर आला आणि समोरच्या खिडकीचा पडदा सरकला.

आईने समाधानाने मान हलवली.

"मला पहिल्याच वेळी कळलं होतं," ती म्हणाली. "समोर पोचलं नव्हतं."